दानासाठी डोंगर चढणे

गेल्या महिन्यात एका वाचक कुटुंबाने मजकडे एक छापील पत्रक पाठवून दिले. त्यांचा थोरला मुलगा शहरात नोकरीस आहे. आजारी मुलांच्या शुश्रूषेचे काम करणारी एक धर्मादाय संस्था आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वतावर एक तुकडी नेणार असून त्या तुकडीत त्याने आपले नाव घातले आहे. प्रत्येकाने ठराविक मुदतीत ठराविक रक्कम वर्गणीने गोळा करावयाची, ती भरली की वाटाड्या, तंबू, जेवण आणि विमानाचे तिकीट यांची व्यवस्था संस्था लावणार. आईबापांचे प्रश्न दोन आहेत. मुलाला जाऊ द्यावे काय? आणि गावातल्या नातेवाइकांपुढे वर्गणीचा कागद धरावा काय? प्रश्न एका घराचा असला तरी अशी पत्रके आता पुष्कळ घरांत येऊ लागली आहेत, म्हणून उत्तर या सदरातून देणे मला बरे वाटते.

प्रथम पर्वताविषयी. किलिमांजारो हा टांझानिया देशात, विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर उभा असलेला जुना ज्वालामुखी होय. त्याला किबो, मावेन्झी आणि शिरा अशी तीन शिखरे असून किबोचा माथा समुद्रसपाटीपासून 5,895 मीटर उंच आहे. सेमिनरीत असताना आम्ही काही विद्यार्थी कळसूबाईवर गेलो होतो व महाराष्ट्राचा माथा गाठला म्हणून आमची छाती फुगली होती. ती कळसूबाई 1,646 मीटर! म्हणजे आमची ती सारी फुशारकी किलिमांजारोच्या पहिल्या दिवसाच्या फाटकाशीच संपते. त्या पर्वताच्या उतारावर चग्गा लोकांची केळीची आणि कॉफीची बागायत आहे, वर घनदाट अरण्य, त्याच्यावर झुडपांचा माळ, मग नुसते दगड आणि राख, आणि अगदी माथ्यावर बर्फ. विषुववृत्ताजवळ बर्फ आहे हे योहानेस रेबमान नावाच्या जर्मन मिशनरीने 1848 साली पाहिले व ती वार्ता युरोपात कळविली, तेव्हा लंडनमधील नामांकित भूगोलपंडितांनी तिची थट्टा केली. पंडित घरी बसले होते आणि मिशनरी पायी चालला होता, एवढाच काय तो फरक. आज मात्र तो बर्फच ओसरत चालला आहे. 1912 ते 2011 या काळात माथ्यावरील बर्फाच्छादनापैकी सुमारे 85 टक्के नाहीसे झाले.

पूर्व आफ्रिका आपल्या लोकांस अगदीच परकी नाही. गोव्याच्या कित्येक घरांतील आजे-पणजे दारेसलाम, झांझिबार आणि नैरोबी येथे कारकुनी, शिवणकाम वा स्वयंपाक करून पोट भरीत होते, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर इकडे घरे उभी राहिली. ते तेथे मिळवावयास गेले. आता त्यांच्याच मुलखातील तरुण तेथे पैसे खर्चून डोंगर चढावयास जातो, हा काळाचा महिमा.

हा पर्वत चढण्यास दोरखंड किंवा बर्फाची कुऱ्हाड लागत नाही, नेहमीच्या वाटांनी चालतच वर जाता येते. म्हणूनच धर्मादाय संस्थांना तो सोयीचा वाटतो. विलायतेत 2009 सालच्या मार्चमध्ये गायक व दूरचित्रवाणीवरील नऊ प्रसिद्ध माणसे ‘कॉमिक रिलीफ’ या संस्थेसाठी तो चढली आणि तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली, त्यातून आफ्रिकेत हिवतापाविरुद्ध काम झाले. अशा उदाहरणाने पुष्कळांना हुरूप आला. परंतु चालत जाता येते याचा अर्थ पर्वत सोपा आहे असा नव्हे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्मा. शरीराला या हवेची सवय होण्यास दिवस लागतात, आणि हे दिवस पैशाने विकत घ्यावे लागतात. कारण राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क, वाटाड्यांची व हमालांची मजुरी, अन्न, सारे दिवसाच्या हिशेबाने वाढते. येथेच खरी मेख आहे. पत्रकात ‘पाच दिवसांत किलिमांजारो’ असे ठळक अक्षरांत छापलेले असेल तर ते स्वस्त दिसते. पण डॉक्टरांचा साधारण नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर निजण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांआड एक विसावा घ्यावा. आता मारांगूची वाट पाहा. तेथे मुक्कामाच्या लाकडी झोपड्या 2,720, 3,720 आणि 4,720 मीटरवर आहेत. पाच दिवसांच्या सफरीत रोज हजार मीटरची उडी! नियमाच्या नेमकी दुप्पट. त्याच वाटेवर मधल्या झोपडीत एक दिवस जास्त राहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

माचामेच्या वाटेने सात दिवस लागतात, आणि माझ्या मते ती अधिक शहाणपणाची आहे. पहिल्या दिवशी अरण्यातून तीन हजार मीटरच्या आसपास, दुसऱ्या दिवशी शिरा पठारावर 3,800 मीटरच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी लाव्हाच्या एका सुळक्यापाशी 4,600 मीटरपर्यंत चढून पुन्हा चार हजारांच्या किंचित खाली बारांकोच्या दरीत उतरून निजावयाचे. उंच चढावे व खाली निजावे, हा तेथील वाटाड्यांचा मंत्र आहे. चौथ्या दिवशी दरीची भिंत हातापायांनी चढून पलीकडे, पाचव्या दिवशी बाराफूच्या तळावर 4,650 मीटरच्या आसपास. त्याच मध्यरात्री कपाळावर दिवा बांधून माथ्याची चढण सुरू होते. सहा-सात तास राखेत व दगडांत, उणे दहा ते उणे वीस अंशांच्या थंडीत, एक पाऊल, एक श्वास. वाटाडे सतत म्हणत असतात, ‘पोले पोले’, म्हणजे स्वाहिलीत ‘हळूहळू’. सूर्योदयाच्या सुमारास माथा गाठला की बहुधा पंधरा-वीस मिनिटेच थांबून परत फिरतात. त्या माथ्याला पूर्वी जर्मन कैसराचे नाव होते. 1961 च्या डिसेंबरात टांगानिका स्वतंत्र झाली तेव्हा तेथे मशाल नेऊन ठेवली गेली; आज त्याचे नाव ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य.

उंचीच्या आजाराविषयी आईबापांनी हे जाणून असावे. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही त्याची पहिली खूण. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे भ्रमिष्टासारखे झाले, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचत आहे असे समजून त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरविले पाहिजे. उतरणे हाच मुख्य उपाय होय. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाच्या गोळीने शरीर लवकर सरावते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि ती घेतली म्हणून घाई करण्याचा परवाना मिळाला असे मानू नये. तालीमबाज तरुणाला हा आजार होत नाही ही समजूत खोटी आहे. उलट जोर अंगात असल्यामुळे तोच पुढे धावतो व आधी आजारी पडतो.

आणि येथे वर्गणीचा कागद घातक ठरू शकतो. स्वतःच्या हौसेने गेलेला मनुष्य डोके दुखू लागले तर परत फिरतो. पण ज्याच्या मागे दोनशे माणसांचे पैसे आहेत, ज्याचे नाव गावच्या फलकावर लागले आहे, त्याला परतणे म्हणजे विश्वासघात वाटू लागते. तो वाटाड्यापासून आपली मळमळ लपवितो. म्हणून वर्गणी देणाऱ्यांनी आधीच सांगून टाकावे की आमचे पैसे शिखरासाठी नाहीत, आजारी मुलांसाठी आहेत. तू अर्ध्या वाटेवरून आलास तरी ते परत मागणार नाही. किबोवर पहिल्यांदा चढणारा हान्स मायर 1887 साली बर्फाच्या कड्यापाशी हटून परत आला होता, 1888 साली तर त्याला पर्वतापर्यंतही पोहोचता आले नाही. 1889 च्या ऑक्टोबरात लुडविग पुर्टशेलर या सोबत्यासह तो माथ्यावर गेला.

आता पैशाची गोष्ट. अशा सफरींचे सामान्यतः दोन प्रकार असतात. एकात जाणारा आपला सारा खर्च स्वतः भरतो व जमलेली वर्गणी जशीच्या तशी संस्थेला जाते. दुसऱ्यात जमलेल्या वर्गणीतूनच त्याचे तिकीट, तंबू आणि जेवण यांचा खर्च भागविला जातो व उरलेले संस्थेला मिळते. समजा, चार लाख रुपये जमवावयाचे आहेत आणि सफरीस दोन लाख लागतात. मग ज्या विधवा मावशीने कोंबड्या विकून शंभर रुपये दिले, तिचे पन्नास रुपये आजारी मुलाकडे गेले आणि पन्नास तिच्या भाच्याच्या विमानात बसले. हे तिला ठाऊक असेल व तरीही तिने दिले असतील, तर बोलणेच खुंटले. भाच्याच्या हौसेला मावशीने हातभार लावला. पण तिला ते ठाऊक नसेल, तर मला हे सरळ वाटत नाही. कोणी म्हणतात की सफर नसती तर ते पन्नासही आले नसते. हे खरे आहे, आणि काही संस्थांचे मोठे काम या मार्गाने चालते हेही खरे. तरी कागदावर तो आकडा लिहिलेला असावा, एवढी माझी अट आहे. पत्रकात तो नसेल तर मुलाने संस्थेला पत्र लिहून विचारावे. चांगली संस्था रागावणार नाही.

पर्वत आणि दान यांची जोडी काही नवी नाही. पोप अकरावे पायस तरुण धर्मगुरू असताना नामांकित गिर्यारोहक होते. 1889 सालीच, म्हणजे मायर किबोवर गेला त्याच वर्षी, ते आल्प्समधील मोंते रोझाची पूर्वेकडील अवघड बाजू चढून गेले होते. 7 सप्टेंबर 2025 रोजी ज्यांना संतपद बहाल झाले ते तुरीनचे पिएर जोर्जो फ्रासाती हेही डोंगरांचे वेडे होते. गरिबांना ते देत ते आपल्या खिशातून, गुपचूप. इतके की 1925 साली चोविसाव्या वर्षी ते वारले तेव्हा अंत्ययात्रेला जमलेली गरिबांची गर्दी पाहून घरच्यांनाच आश्चर्य वाटले. डोंगर ते आनंदासाठी चढत. दोन्ही गोष्टी त्यांच्या जीवनात शेजारी शेजारी होत्या. एकीच्या आधाराने दुसरी मिरविण्याची त्यांना गरज पडली नाही. एडमंड हिलरींची तऱ्हा आणखी निराळी. एव्हरेस्ट चढून झाल्यावर त्यांनी शेर्पांसाठी 1960 साली न्यास स्थापिला आणि 1961 साली खुमजुंग गावात शाळा बांधली. ज्यांच्या खांद्यावर ओझे देऊन आपण वर गेलो, त्यांचेच देणे प्रथम फेडावे, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

कारण किलिमांजारोवरही खांदे दुसऱ्यांचेच असतात. वाटाड्यावाचून तेथे कोणालाही जाऊ देत नाहीत. आणि तंबू, भांडी, अन्न, कधी कधी जेवणाचे मेज-खुर्च्यासुद्धा हमाल डोक्यावरून नेतात. एका पाहुण्यामागे तीन-चार माणसे, म्हणजे बारा जणांच्या तुकडीमागे चाळीस माणसे सहज होतात. एका हमालाने वीस किलोपेक्षा अधिक ओझे नेऊ नये असा नियम आहे व फाटकाशी वजन होते. पण स्वस्त सफर विकणारा व्यापारी काटकसर करतो ती याच माणसांच्या मजुरीत, जेवणात आणि पांघरुणात. पातळ जोड्यांनी, पावसात भिजून, थंडीने हमाल दगावले आहेत. 2003 सालापासून मोशी गावी हमालांच्या साहाय्यार्थ ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ नावाची संस्था काम करते. ती त्यांना गरम कपडे विनामूल्य वापरावयास देते आणि कोणत्या कंपन्या मजुरी, ओझे, अन्न व निवारा यांबाबत नीट वागतात हे तपासून त्यांची नावे प्रसिद्ध करते. आपल्याला नेणारी कंपनी त्या यादीत आहे की नाही, हे मुलाने वर्गणी मागण्याआधी पाहावे. आजारी मुलांसाठी पैसे गोळा करताना वाटेत दुसऱ्या कोणाच्या मुलाला उपाशी चालवावयाचे, ही कसली दया?

माझे उत्तर तर असे. मुलगा धडधाकट असेल, डॉक्टरांनी तपासून होकार दिला असेल आणि सफर सात दिवसांची असेल तर त्याला खुशाल जाऊ द्यावे. तरुणपणी अशी वाट चालण्यात काही गैर नाही. प्रवासाचा खर्च त्याने आपल्या पगारातून भरावा, एका वर्षात न साधला तर दोन वर्षांत साठवावा. वर्गणीचा कागद त्याने गावात जरूर फिरवावा; पण त्याच्या माथ्यावर ‘या रकमेतून प्रवासखर्च केलेला नाही’ असे लिहून खाली सही करावी. तसे लिहिता येत नसेल तर किती टक्के खर्चात जाणार तो आकडा घालावा.

तयारीसाठी सहा महिने हाताशी असावेत. रोज दोन तास, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन, आपल्याच घाटांत चढ-उतार करावा. बूट नवे घेतले असतील तर याच काळात पायाला बसू द्यावेत. तेथे जाण्यास जानेवारी ते मार्चचा आरंभ किंवा जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने बरे. एप्रिल-मेमध्ये मुसळधार पाऊस असतो, नोव्हेंबरातही पाणी लागते. उंचावरून रुग्णास खाली आणण्याचा खर्च भरून देणारा विमा काढावा आणि तो सहा हजार मीटरपर्यंत लागू आहे काय हे वाचून घ्यावे, कारण पुष्कळ विमे त्याच्या फार खालीच थांबतात. शेवटच्या दिवशी हमालांना बक्षिसी द्यावयाची असते, ती खर्चात आधीपासून धरावी. ती प्रमुखाच्या हाती एकगठ्ठा न देता प्रत्येकाची रक्कम सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवावी. हमालांच्या त्या संस्थेचाही हाच आग्रह आहे.