सरळ लिहिलं तर मार्क जातात का?

"अपरिहार्य प्रायोगिक त्रुटींमुळे निष्कर्षांमध्ये किंचित विचलन आढळून आले." गेल्या वर्षीच्या एका प्रोजेक्ट रिपोर्टमधलं हे वाक्य. मूळ इंग्रजीत आहे, मी जमेल तसं मराठीत केलंय.

यंदा तोच व्हेंच्युरीमीटरचा सेटअप आमच्या ग्रुपकडे आला. पहिल्याच दिवशी डिस्चार्ज कोएफिशिअंट एकाच्या वर! पुस्तकात तो ०.९८ च्या आसपास असतो. पंप तपासला, टाकी मोजली, गणित तीनदा केलं. दोन आठवडे गेले. शेवटी मेसमध्ये त्या ग्रुपमधला एक सिनिअर भेटला. पोळी तोडता तोडता म्हणाला, "अरे, मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकते. आधी कॉक उघडून ती काढा, मग रीडिंग घ्या."

झालं! मेसमध्ये जे दोन वाक्यांत सांगता येतं, ते साठ पानी रिपोर्टमध्ये का नव्हतं?

"लिहिलं होतं रे. गाइडनी काढायला लावलं. फॉर्मल वाटत नाही म्हणे."

मोठ्या शब्दांवर माझा राग नाही. रेनॉल्ड्स नंबरला रेनॉल्ड्स नंबरच म्हणायला हवं, त्याला नेमका अर्थ आहे. राग आहे तो 'आढळून आले', 'करण्यात आले' यांच्यावर. कोणी केलं? कॉक उघडायला कोण विसरलं? शाळेत आमच्या सिस्टर निबंधावर 'छोटी वाक्यं लिही' असा शेरा मारायच्या. इथे येऊन उलटं शिकावं लागलं. सर म्हणतात, विज्ञानात 'मी' नको. पण वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएवरचा पेपर जेमतेम पानभराचा आहे आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात 'आम्ही' आहे. नोबेल मिळालंच की!

आणि नुसत्या भारदस्तपणाचं काय होतं, तेही बघा. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी जडजड शब्द जुळवून आपोआप रिसर्च पेपर बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातला एक निरर्थक पेपर एका कॉन्फरन्सने न तपासताच स्वीकारला, आणि बोभाटा झाल्यावर नाकारला. आमच्या हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री हे काम प्रोग्रॅमशिवायच चालतं.

आमच्या रिपोर्टमधलं हवेचं वाक्यही लाल पेनने खोडलं गेलं. मार्कांचा प्रश्न होता, आम्ही भांडलो नाही. फक्त मॅनोमीटरच्या बोर्डावर सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी नळीतली हवा काढा.' लॅबच्या काकांनी अजून तरी ती काढलेली नाही.