न सुचलेल्या उत्तराचा वांटा

विज्ञानाचे सिद्धांत जर बदलतातच, तर ते शिकावयाचे कशाला, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. कित्येक पालकांच्याहि मनांत हा प्रश्न असतो. त्याचें उत्तर संभाव्यतेच्या गणितांत शोधतां येतें.

थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा या विषयावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतून पुढें जी रीत निघाली ती अशी: एखाद्या गोष्टीचीं जीं कारणें संभवतात, त्या प्रत्येकास आपल्या विश्वासाचा कांहीं वांटा द्यावा; सर्व वांट्यांची बेरीज जुन्या रुपयाप्रमाणें सोळा आणे धरावी; आणि पुरावा मिळेल तसतसे वांटे कमीजास्त करावे. परंतु जें कारण अद्यापि कोणास सुचलेंच नाहीं, त्यास वांटा कोठून मिळणार?

युरेनसची गति गणितास जुळेना, तेव्हां लव्हेरिये या फ्रेंच ज्योतिर्विदानें एका अज्ञात ग्रहाचें स्थान गणितानें काढिलें. १८४६ सालीं त्या स्थानाजवळच नेपच्यून सांपडला. पुढें १८५९ सालीं त्यानेंच दाखविलें कीं, बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबाहून किंचित् अधिक सरकते. हा फरक शतकांत सुमारें ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाइतका आहे. येथेंहि त्यानें अज्ञात ग्रहच कल्पिला. त्यास ‘व्हल्कन’ असें नांवहि मिळालें. पण ग्रह कांहीं मिळाला नाहीं. अखेर १९१५ सालीं आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतांतून तेवढाच फरक आपोआप निघाला.

लव्हेरियेचें गणित चुकलें नव्हतें. कारणांची यादी अपुरी होती. म्हणून आमचें मत असें कीं, सोळाहि आणे ज्ञात कारणांत वांटूं नयेत. एकदोन आणे ‘याहून निराळें कांहीं’ या नांवें राखून ठेवावे. नवा सिद्धांत आला कीं त्यास प्रथम त्यांतून द्यावें, आणि मग सर्व वांटणी फिरून करावी. किती आणे राखावे, हें मात्र कोणतेंहि सूत्र सांगत नाहीं. तेथें विवेकच पाहिजे. जो सोळाहि आणे राखून बसेल, त्यास नेपच्यूनहि सांपडावयाचा नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सिद्धांत बदलला तरी बुधाचीं निरीक्षणें वायां गेलीं नाहींत. त्यांनींच नव्या सिद्धांताची परीक्षा केली. तेव्हां शिका मन लावून, पण वहीचें एक पान कोरें ठेवा.