घुडखरांचे रक्षण आणि गावचे पशुधन

रानटी घोडे किंवा त्यांच्या कुळातील प्राण्यांचे कळप वाचवावयाचे म्हणजे शिकारबंदी करावी, अभयारण्याची सीमा आखावी व रक्षक नेमावेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. गुजरातेतील कच्छच्या छोट्या रणात राहणाऱ्या घुडखरांचा इतिहास पाहिला असता, अशा कळपांचे भवितव्य रानाइतकेच रानालगतच्या गोठ्यातही ठरते, असे दिसून येते.

घुडखर हे भारतातील रानगाढव होय. एके काळी ते सिंधपासून पश्चिम भारतापर्यंतच्या कोरड्या प्रदेशात आढळत असे. आता त्याचा मुख्य आसरा म्हणजे हे एकच रण. १९४६ च्या सुमारास तेथे हजारोंच्या संख्येने घुडखर होते. १९६२ साली झालेल्या गणनेत ८७० भरले आणि पुढील काही वर्षांत ती संख्या आणखी घसरली. या नाशात सर्वांत मोठा वाटा रोगांचा मानला जातो. एक रोग सर्रा; दुसरा १९६० साली भारतात शिरलेला आफ्रिकन हॉर्स सिकनेस.

सर्रा रोगाची रीत प्रत्येक पशुपालकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या रोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात राहतात. चावणारी मोठी माशी एका जनावराचे रक्त शोषता शोषता दुसऱ्यावर जाऊन बसते आणि जंतू पसरतात. घोडा, गाढव व उंट यांना हा रोग घातक ठरतो. गाय-म्हैस मात्र पुष्कळदा वरकरणी निरोगी दिसत असतानाही जंतू बाळगून असते. पावसाळ्यात रण पाण्याखाली गेले की घुडखर उंचवट्याच्या बेटांवर व कडेच्या कुरणांवर गोळा होतात. माश्यांचा सुकाळही त्याच दिवसांत असतो. गावची गुरे व रानचे कळप एकाच चाऱ्यावर येतात, तेव्हा कुंपणाने किंवा कायद्याने माशी अडत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुडखराला संरक्षण मिळाले व १९७३ साली सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरचे अभयारण्य स्थापन झाले. १९७६ साली ७२० असलेली संख्या २०१४ साली ४,४५१, २०२० साली ६,०८२ व २०२४ साली ७,६७२ झाली. हे यश मोठे आहे. तथापि बहुतेक सर्व कळप एकाच प्रदेशात असल्यामुळे, एक साथ पुन्हा आल्यास वर्षानुवर्षांचे हे कार्य एका पावसाळ्यात वाया जाऊ शकते.

यावर रणाकाठच्या शेतकऱ्याचा आक्षेप असा की, कळप वाढले, ते रात्री उभ्या पिकात शिरतात. मग नुकसान आमच्याच माथी का? हा आक्षेप न्याय्य आहे. ज्या प्राण्याचे रक्षण साऱ्या देशाला हवे, त्याच्या चाऱ्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे योग्य नव्हे. पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई पुढील पेरणीपूर्वी हाती पडावी, कुंपणास साहाय्य मिळावे, आणि कुरणे गिळणारी वेडी बाभूळ काढून चारा रानातच वाढवावा. हे न झाल्यास निरुपायाने शेतकरी कुंपणात वीज सोडतो. त्यात घुडखर मरतो आणि माणूसही दगावतो.

परंतु भरपाईचा हक्क मागणाऱ्याने गोठ्याचे कर्तव्यही पाळावे. बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे. ताप येणाऱ्या, रोडावणाऱ्या जनावराचे रक्त पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. शेणाचे ढीग व साचलेले पाणी हटवावे. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच, रानालगतच्या गावांपासून, ही तपासणी योजावी. ज्या खर्चाने घुडखर वाचतो, त्याच खर्चाने शेतकऱ्याचा बैल व दुभती म्हैसही वाचते, हे त्यांनी प्रथम समजावून द्यावे.

महाराष्ट्रातही मेळघाट व ताडोबालगत गावची गुरे आणि रानचे गवे एकाच कुरणात चरतात. रणातील धडा येथेही तितकाच लागू आहे. रोगाला रानाची व गावाची शीव ठाऊक नसते. म्हणून रक्षणाचे काम त्या शिवेच्या दोन्ही बाजूंनी झाले पाहिजे.