पार्वतीचे कागद

२०२५ च्या ऑस्कर नामांकनांत पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ नव्हता, याचे खापर केवळ अमेरिकनांच्या माथी फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट धाडू शकतो. २०२४ साली कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळवलेली ही कृती डावलून आपल्या फिल्म फेडरेशनने ‘लापता लेडीज’ धाडला. तो नामांकनापूर्वीच गळाला. (दोहोंत छाया कदम आहेत, एवढेच समाधान!) निवड समितीला म्हणे हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीला, घराचे कागद नाहीत म्हणून, बिल्डर हुसकावतो आणि ती कोकणात परतते. यात युरोप कोठे आला? नामांकन लाभले ते ‘अनुजा’ या लघुपटाला. दिल्लीतील कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलीची ही कथा. दिग्दर्शक मात्र अमेरिकन.