पांढऱ्या दिव्यातली पिवळी भुकटी

मुंबईतल्या टॉवरमध्ये काय किंवा रायगडाच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या स्थानकाजवळच्या हिरकणीवाडीत काय, तिन्हीसांजेला बटण दाबल्यावर उजळतो तो आता बहुधा एलईडीच. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बिल उतरले. पण हा पांढरा उजेड येतो कुठून, हा प्रश्न आता व्यापाराच्या राजकारणाशी जोडला गेला आहे.

एलईडीची चिप मुळात निळा प्रकाश देते. ती घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या चिपवर पिवळसर भुकटीचा थर असतो, तिला फॉस्फर म्हणतात. (फॉस्फरस या मूलद्रव्याशी तिचा संबंध नाही.) ही भुकटी काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देते. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. भुकटीतला मुख्य घटक यिट्रियम. उबदार छटेसाठी लागणाऱ्या लाल फॉस्फरमध्ये बहुधा युरोपियम असते.

ही दोन्ही दुर्मीळ मूलद्रव्ये शुद्ध करण्यात चीनची जवळपास मक्तेदारी आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने यिट्रियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ऑक्टोबरमध्ये युरोपियमचीही भर पडली. हा दुसरा निर्णय नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित झाला, पण एप्रिलची अट कायम राहिली. एका बल्बला भुकटी चिमूटभरही लागत नाही, म्हणून बल्ब उद्याच महागेल असे नाही. पण नळ दुसऱ्याच्या हातात आहे, हे मात्र स्पष्ट झाले.

पर्याय म्हणून क्वांटम डॉट्सकडे पाहिले जाते. हे काही नॅनोमीटरचे स्फटिक. पदार्थ तोच, पण कण लहान असेल तर प्रकाश निळ्याकडे झुकतो, मोठा असेल तर लालकडे. या शोधाला २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. महागड्या टीव्हीत ते पोहोचले आहेत. घरगुती बल्बमध्ये मात्र उष्णता, ओलावा आणि किंमत आडवी येते. शिवाय अनेक उत्तम डॉट्समध्ये कॅडमियम असते, आणि ते मूत्रपिंड व हाडांना घातक आहे. आपल्या ई-कचरा नियमांत त्याची मर्यादा ०.०१ टक्के आहे. कॅडमियममुक्त इंडियम फॉस्फाइड आणि कार्बन डॉट्सवर म्हणूनच जगभर काम चालू आहे.

फॉस्फरवर संशोधन करण्याची परंपरा महाराष्ट्रातही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. संजय ढोबळे यांच्यासारखे संशोधक अनेक वर्षे याच विषयात आहेत. केंद्राने जानेवारी २०२५मध्ये क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केले. त्याचा भर केवळ खाणींवर राहिला, तर मधला दुवा निसटेल. खनिज शुद्ध करणे, त्याची भुकटी बनवणे आणि जुन्या दिव्यांतून ती परत मिळवणे, यांतच खरी किंमत आहे.

ग्राहकाच्या हातात दोन गोष्टी आहेत. झोपण्याच्या खोलीसाठी खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला बल्ब घ्यावा. त्यात निळा अंश कमी असतो, आणि रात्रीचा निळा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला रोखतो. बंद पडलेला दिवा उकिरड्यावर न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. गावपातळीवर तशी सोय करणे हे मात्र शासनाचे काम आहे. घरोघरी बल्ब पोहोचवणारी यंत्रणा उभी राहू शकते, तर तो परत नेणारीही उभी राहायला हवी.