मागे पडलेले घड्याळ

आमच्या घरचा लॅपटॉप २००९ सालचा. यंदा कन्या कॉलेजात गेली आणि तिने नव्याची मागणी केली. मास्तराच्या पगारातून घराचा हप्ता गेल्यावर काय उरते, ते सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे! मी म्हटले, "याच्यावरच लिनक्स घालू. फुकट मिळते."

जुन्या यंत्रांसाठीच केलेली, डेबियनच्या घराण्यातली अँटिएक्स ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून बिनबोभाट चढली. पण मराठी टंक आणावेत म्हणून 'एपीटी अपडेट' म्हटले मात्र, पडदा चुकांनी भरून गेला! मी आज्ञा बदलल्या, सर्व्हर बदलले, सगळे पुसून पुन्हा चढवले. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! तिसऱ्या रात्री कन्या हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा. मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करीन." ते मात्र मनाला लागले.

सौभाग्यवती दुधाचा हिशेब लिहीत होत्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, आज १ जानेवारी २००९ आहे का?"

आतला नाण्याएवढा सेल संपला होता, म्हणून घड्याळ मागे गेले होते. पॅकेजांच्या यादीवर तारीख असते. यंत्राला ती भविष्यातली वाटे, म्हणून ते यादी घेईना. 'ही फाइल अजून वैध झालेली नाही' असे त्याने स्पष्ट लिहिलेही होते. मीच ते न वाचता आज्ञा झाडत होतो! तारीख सुधारली, सेल बदलला; पॅकेजे मुकाट्याने आली.

"आधी प्रश्न नीट वाचा," असे मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. हल्ली ते सांगताना आवाज जरा खाली येतो.