‘सुपरकंडक्टर सापडला!’ असा मेसेज आला, तर आधी चुंबकीय पुरावा का मागायचा?

जुलै २०२३ आठवतोय? चुंबकावर तिरका उभा राहिलेला एक काळसर खडा, आणि त्याचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर. नाव होतं एलके-९९. दक्षिण कोरियातल्या संशोधकांचा दावा असा की, हा पदार्थ घरातल्या तापमानालाच सुपरकंडक्टर होतो. मग काय, ‘आता विजेची गळती शून्य’, ‘बिल निम्मं होणार’ असे फॉरवर्ड सुरू झाले.

विदर्भातल्या माणसाला हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. वीज इथे तयार होते आणि दूर जाते. चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघा ही उच्चदाब वाहिनी तब्बल ७५२ किलोमीटरची आहे. तारेला विद्युतरोध असतो, त्यामुळे वाटेत काही वीज उष्णता होऊन वाया जाते. हा रोधच नाहीसा झाला तर? म्हणूनच अशा बातमीवर सगळे तुटून पडतात.

पण महिन्याभरातच एलके-९९ चा फुगा फुटला. तो कसा फुटला, आणि पुढच्या वेळी आपण काय बघायचं, हे समजून घेऊ.

सुपरकंडक्टर म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला अतिवाहक म्हणतात. १९११ मध्ये पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर त्याचा विद्युतरोध गायब झाल्याचं दिसलं. १९३३ मध्ये दुसरी गोष्ट कळली. असा पदार्थ आपल्या आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. याला माइसनर परिणाम म्हणतात.

म्हणजे ओळख पटवायला दोन पुरावे लागतात. एक, रोध शून्य. दोन, चुंबकीय क्षेत्र बाहेर.

फक्त पहिल्यावर विसंबलं की घोळ होतो. एलके-९९ च्या नमुन्यात तांब्याचं सल्फाइड भेसळीसारखं मिसळलेलं होतं. साधारण १०४ अंशांना त्याची अंतर्गत रचना बदलते आणि रोध एकदम घसरतो. आलेखावर ते सुपरकंडक्टरसारखं दिसलं. खडा तिरका उभा राहणं हीसुद्धा साध्या चुंबकीय गुणांची करामत निघाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो पदार्थ स्वतः बनवून तपासला आणि अतिवाहकता दिसली नाही, असं सुरुवातीच्या दिवसांतच सांगितलं.

भारतातही असं झालंय का?

२०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोन संशोधकांनी एक दावा मांडला. सोन्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले की उणे ३७ अंशांनाच अतिवाहकता येते, असं ते म्हणत होते. त्यांनी चुंबकीय मोजमापही दिलं होतं.

अडचण तिथेच सापडली. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजमापांमध्ये बारीक चढउतार, म्हणजे ‘नॉइज’, हुबेहूब सारखे होते. ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. नॉइज दरवेळी वेगळा यायला हवा. दोन माणसांच्या बोटांचे ठसे तंतोतंत जुळावेत, तसं हे होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) प्रताप रायचौधुरी यांनीही यावर जाहीर चर्चा केली. २०१९ मध्ये त्या गटाने आणखी मोजमापं देऊन सुधारित निबंध टाकला, पण त्या दाव्यावर वैज्ञानिक जगाने शिक्कामोर्तब केलं नाही.

मग पातळ ऑक्साइडचा प्रश्न वेगळा का?

१९८६ पासून सर्वांत मोठ्या आशा ऑक्साइडवर आहेत. १९८७ मध्ये सापडलेलं इट्रियम-बेरियम-तांबं यांचं ऑक्साइड सुमारे उणे १८० अंशांना अतिवाहक होतं. म्हणजे स्वस्तातला द्रव नायट्रोजन त्याला पुरतो. आता चर्चा आहे निकेलच्या ऑक्साइडची. असा एक पदार्थ २०२३ मध्ये प्रचंड दाबाखाली सुमारे ८० केल्व्हिनला अतिवाहक असल्याचं चीनमधून कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटाने तोच पदार्थ पातळ थराच्या रूपात बनवला. दाब न देताही ४० केल्व्हिनच्या आसपास रोध घसरू लागला. तरी त्यांनी निबंधाच्या शीर्षकात ‘संकेत’ असाच सावध शब्द वापरला.

एवढी सावधगिरी का? कारण थर फक्त काही नॅनोमीटर जाड. तो ज्या स्फटिकावर वाढवतात, तो त्याच्या हजारो पट जाड असतो आणि त्याचा स्वतःचा चुंबकीय संदेश असतो. त्या गोंगाटात थराचा क्षीण आवाज बुडून जातो. शिवाय थर इतका पातळ असला की तो चुंबकीय क्षेत्र पूर्णपणे बाहेर ढकलूच शकत नाही.

आणखी एक धोका आहे. थरात अतिवाहकतेची एक बारीक वाट जरी जोडली गेली, तरी सगळा प्रवाह तिथूनच पळतो. मीटर शून्य दाखवतो, आणि बाकीचा थर साधाच असू शकतो. गल्लीतून एक स्कूटर निघाली म्हणून सगळा रस्ता मोकळा आहे असं होत नाही ना, तसंच.

चुंबकीय ‘फोटो’ कसा काढतात?

उपाय असा की, पूर्ण नमुना एकदम मोजायचा नाही. अतिसंवेदनशील सेन्सर पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवायचा आणि बिंदूबिंदूने नकाशा काढायचा.

पहिलं साधन म्हणजे स्क्विड. हे सुपरकंडक्टरचंच एक इवलं कडं असतं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दोन ऑक्साइडच्या सांध्यावर स्क्विड फिरवून एकाच नमुन्यात अतिवाहक आणि चुंबकीय असे दोन्ही प्रकारचे ठिपके दाखवले. रोध मोजून हे कधीच कळलं नसतं.

दुसरं साधन म्हणजे हिरा. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असा दोष असतो. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल चमकतो, आणि त्या चमकेवरून जवळचं चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या गटाने याच पद्धतीने इट्रियमवाल्या ऑक्साइडच्या थरातले चुंबकीय भोवरे टिपले. अशा एका भोवऱ्यातला चुंबकीय प्रवाह किती? तुमच्या एका तांबड्या रक्तपेशीतून पृथ्वीचं जेवढं चुंबकत्व आरपार जातं, साधारण तेवढाच.

महाराष्ट्र यात कुठे आहे?

टीआयएफआरमध्ये रायचौधुरी यांचा गट पातळ अतिवाहक थरांवरच काम करतो. थर दोन कॉइलच्या मध्ये ठेवून तो चुंबकीय क्षेत्र किती अडवतो, हे ते मोजतात. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्राने ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातलं सेन्सिंग आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी बॉम्बेकडे आहे. तिथल्या प्रा. कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यावर आधारित चुंबकीय इमेजिंग करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीसीएससोबत संगणकाच्या चिप तपासण्यासाठी असं यंत्र बनवण्याची घोषणाही झाली.

यंत्राची बातमी व्हायरल होत नाही, दाव्याची होते. पण एलके-९९ च्या वेळी भारतातून लगेच ‘नाही’ असं उत्तर देता आलं, ते पदार्थ बनवायची आणि मोजायची सोय घरात होती म्हणूनच. ही सोय नसेल तर खरं काय, हे दुसऱ्या देशाला विचारावं लागतं. त्यामुळे या मिशनमधून काय मिळालं हे बघताना चमत्कार किती सापडले यापेक्षा किती प्रयोगशाळांना चांगली मोजमापं करता येऊ लागली, हे विचारायला हवं.

आणि आपण काय करायचं? पुढचा व्हिडिओ आला की तीन गोष्टी बघा. चुंबकीय मोजमाप दिलंय का? ते पूर्ण नमुन्याबद्दल बोलतं की एखाद्या कोपऱ्याबद्दल? आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच पदार्थ बनवून तेच पाहिलंय का?

तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबू नका. आणि ‘रूम टेम्परेचर’ असं लिहिलं असेल तर एवढंही विचाराच, कुणाच्या रूमचं? मे महिन्यातल्या नागपूरच्या की उणे ३७ अंशांच्या?